वॉशिंग मशीनची गळती : आधी वेळ पाहा, मग जागा शोधा

सकाळची घाई असते. कपड्यांची खेप यंत्रात टाकून घरातील मंडळी आपापल्या कामाला लागतात आणि अर्ध्या तासाने कुणाच्या तरी पायाला ओल लागते. वॉशिंग मशीनखाली पाण्याचे तळे साचलेले असते. मग फडके, बादली आणि मेकॅनिकला दूरध्वनी असा क्रम सुरू होतो. मेकॅनिक येईपर्यंत दोन-चार दिवस जातात. तोवर एक तर यंत्र बंद ठेवावे लागते, नाही तर गळके यंत्र तसेच रेटावे लागते.

वास्तविक पुढून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोडिंग यंत्राची गळती बहुतेक वेळा अगदी साध्या आणि हाताशी असलेल्या भागांत असते. नळाच्या पाइपमधील वॉशर, साबणाचा कप्पा, दाराचे रबर आणि पंपाचा फिल्टर हे त्यातील नेहमीचे चार अपराधी. त्यांची दुरुस्ती थोड्या सावधगिरीने घरीही करता येते. चूक होते ती निदानात. पाणी जेथे दिसते तेथेच गळती आहे, असे गृहीत धरले जाते. पाणी मात्र उताराकडे धावते. यंत्राच्या मागे सुटलेला थेंब पत्र्यावरून ओघळून पुढच्या पायापाशी प्रकट होतो आणि निर्दोष दारावर ठपका येतो. म्हणूनच पाणी कोठे दिसले यापेक्षा ते धुलाईच्या कोणत्या टप्प्यावर दिसले, हा प्रश्न आधी विचारायला हवा. जागा फसवू शकते, वेळ सहसा फसवत नाही.

हलता टब, स्थिर पेटी

गळतीचे मूळ समजण्यासाठी यंत्राची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९३७ साली घरगुती वापराचे स्वयंचलित धुलाई यंत्र बाजारात आणले. तेही पुढून दार असलेलेच होते. मात्र त्यातील टबाला हेलकावे घेण्याची सोय नसल्याने ते यंत्र जमिनीला बोल्टने जखडून ठेवावे लागत असे. आजच्या यंत्रांत ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडवलेली असते. पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकचा मोठा टब वरून स्प्रिंगांवर टांगलेला आणि खालून शॉक ॲब्सॉर्बरवर तोललेला असतो. या टबाच्या आत भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम फिरतो. कपडे पिळताना त्याची गती मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. त्या वेळी टब हलतो, पण पेटी जागच्या जागी राहते.

टब हलता आणि पेटी स्थिर असल्यामुळे त्यांना जोडणारा प्रत्येक दुवा लवचीक, म्हणजे रबराचा असावा लागतो. साबणाच्या कप्प्यातून टबाकडे जाणारी नळी, दाराभोवतीचे घडीदार रबर आणि टबाच्या तळापासून पंपाकडे जाणारी जाड नळी हे तिन्ही दुवे रबराचेच असतात. रबर वर्षानुवर्षे वाकत राहते, साबणाने आणि उष्णतेने कडक होते, कधी चिरते, तर कधी त्यावरची पकड सैल होते. यंत्र गळते ते बहुधा अशा सांध्यावर.

पाण्याचा प्रवासही लक्षात ठेवावा. नळातून इनलेट पाइप, तेथून विजेवर उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह, मग साबणाचा कप्पा आणि त्यानंतर टब, असा पाण्याचा आत येण्याचा मार्ग असतो. टबातील पातळी पुरेशी झाली की प्रेशर स्विच व्हॉल्व्हचा वीजपुरवठा थांबवतो. बाहेर जाताना पाणी टबाच्या तळातील नळीतून फिल्टरकडे, तेथून पंपात आणि ड्रेन पाइपमधून मोरीत किंवा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये जाते. या मार्गातील कोणता भाग कधी ओला होतो हे कळले की अर्धे निदान झालेच.

आधी वीज, मग पाणी

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. फरशीवर पाणी असेल तर त्यात उभे राहून यंत्राच्या बटणाला किंवा प्लगला हात लावू नये. आधी घरातील मुख्य बोर्डावरून त्या प्लगचा वीजपुरवठा एमसीबीने तोडावा. फरशी कोरडी करून मगच प्लग काढावा आणि पाण्याचा नळ बंद करावा. यंत्राच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर तो अर्थिंगचा किंवा हीटरचा दोष असू शकतो. असे यंत्र इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत वापरूच नये. यंत्रातील हीटर साधारण २००० वॅटचा असतो. त्यामुळे १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

धुलाई गरम पाण्यात झाली असेल तर ते पाणी निवू द्यावे. दाराच्या काचेमागे पाण्याची पातळी दिसत असताना दार उघडू नये. टबाला स्थैर्य यावे म्हणून त्यावर काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे यंत्राचे वजन ६० ते ७० किलोपर्यंत भरते. ते एकट्याने कलते करण्याचे धाडस करू नये. पत्रा उघडा असताना यंत्र चालू करून आत हात घालणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

वर्तमानपत्राची चाचणी

निदानासाठी कोणतेही खास उपकरण लागत नाही. रद्दीतील वर्तमानपत्रे, एक टॉर्च आणि अर्धा-पाऊण तास सवड एवढे पुरते. प्रथम यंत्राच्या खालची आणि आजूबाजूची फरशी पूर्ण कोरडी करावी. यंत्राखाली पुढून मागे जातील अशा बेताने वर्तमानपत्राचे कागद सरकवावेत. मग यंत्रात कपडे आणि साबण न घालता सर्वांत छोटा कार्यक्रम थंड पाण्यावर लावावा आणि जवळ बसून लक्ष ठेवावे. कागदाचा कोणता कोपरा आणि धुलाईच्या कोणत्या टप्प्यावर प्रथम भिजला, याची नोंद करावी.

या रिकाम्या फेरीत एक थेंबही बाहेर आला नाही, तर दुसरी फेरी नेहमीएवढी पावडर घालून करावी. आता गळती दिसली तर दोष यंत्राचा नसून फेसाचा असण्याची शक्यता अधिक. तीही फेरी कोरडी गेली तर तिसऱ्या फेरीत नेहमीएवढे कपडे घालावेत. तेव्हाच गळती दिसली तर कपडा दारात अडकणे, क्षमतेहून अधिक कपडे कोंबणे किंवा ओझ्याने टब जास्त हेलकावल्यावर उघडी पडणारी एखादी चीर हे कारण संभवते.

या चाचणीचे वाचन असे करावे. यंत्र बंद असतानाही पाणी झिरपत असेल तर नळ, इनलेट पाइप किंवा न मिटणारा व्हॉल्व्ह यांच्याकडे पाहावे. पाणी भरत असतानाच गळती सुरू झाली तर इनलेट पाइप, साबणाचा कप्पा किंवा त्याखालची नळी संशयित. ड्रम फिरत असताना पुढून थेंब पडत असतील तर दाराचे रबर, मधोमध किंवा मागून पडत असतील तर तळाची नळी, हीटरचे रबर अथवा बेअरिंगचे सील. पाणी बाहेर टाकताना ओल दिसली तर फिल्टर, पंप किंवा ड्रेन पाइप. केवळ पिळताना पाणी दिसले तर टबाच्या हेलकाव्याने उघडा पडणारा एखादा सांधा किंवा मागचे सील.

यात एक खबरदारी घ्यावी. पिळण्याच्या वेळी पंपही चालू असतो. म्हणून आधी पंप सुरू झाल्यावर आणि ड्रम वेगाने फिरण्यापूर्वी पाणी येते का, हे वेगळे पाहावे.

इनलेट पाइप : वॉशरचे काम वॉशरलाच करू द्या

नळ आणि यंत्र यांना जोडणाऱ्या पाइपच्या दोन्ही टोकांना पाऊण इंची आट्यांचे नट असतात आणि प्रत्येक नटात एक चपटा रबरी वॉशर असतो. पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत, ते हा वॉशर करतो. अनेक घरांत मात्र गळती दिसताच आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते. टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर दाबला न जाता गळती चालूच राहते. नळ आणि त्यावर चढवलेला धातूचा जोड यांच्या आट्यांसाठी टेप योग्य असते. यंत्राच्या प्लॅस्टिकच्या आट्यांवर ती नको.

उपाय सोपा आहे. नळ बंद करून नट सोडवावा, जुना वॉशर काढून तेथे नवा बसवावा, नट आधी हाताने सरळ फिरवत पूर्ण बसवावा आणि शेवटी पकडीने किंचित आवळावा. फार आवळल्यास प्लॅस्टिकच्या आट्यांना तडा जातो. याच वेळी यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी चिमट्याने काढून धुवावी. टाकीच्या तळातील गाळ आणि टँकरच्या पाण्यातील रेती तेथेच अडकते. पाइप फुगलेला, चिरलेला किंवा कडक झालेला असेल तर तो दुरुस्त करू नये, बदलावा.

विजेचा प्लग काढलेला असतानाही टबात पाणी चढत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, असे समजावे. रेतीचा एखादा कण त्याच्या पडद्याखाली अडकला तरी असे होते. हा व्हॉल्व्ह बहुधा दोन स्क्रूंवर यंत्राच्या मागच्या बाजूला वर बसवलेला असतो आणि तो संपूर्ण बदलावा लागतो. तोपर्यंत धुलाई संपताच नळ बंद ठेवणे हाच उपाय.

साबणाचा कप्पा आणि जास्तीचा फेस

पाणी भरताना यंत्राच्या पुढच्या पत्र्यावरून, कप्प्याच्या खालून ओघळ येत असेल तर कप्पा बाहेर काढून पाहावा. ओलसर पावडरचे थर त्यात घट्ट बसलेले आढळतात. पाण्याला खाली जाण्याची वाट राहत नाही आणि ते पुढच्या काठावरून बाहेर पडते. कप्पा कोमट पाण्यात भिजवून जुन्या दातांच्या ब्रशने घासावा. फॅब्रिक कंडिशनरच्या खणातील छोटी टोपी काढून तिची नळी मोकळी करावी. कप्प्याच्या वरच्या छतात पाण्याची बारीक छिद्रे असतात. तीही घासावीत, कारण एक छिद्र बुजले की शेजारच्या छिद्रातून पाण्याची चिळकांडी भलत्याच दिशेने उडते.

कप्पा स्वच्छ असूनही पाणी उसळत असेल तर दाब तपासावा. उंच इमारतीत गच्चीवरील टाकीपासून जितके खाली यावे तितका पाण्याचा दाब वाढतो. १० मीटर उंचीमागे तो साधारण १ बार एवढा असतो. त्यामुळे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसलेल्या इमारतीत खालच्या मजल्यांवर पाणी कप्प्यात जोराने आदळते. नळ अर्धा बंद करून फरक पडतो का ते पाहावे. यंत्र पुढच्या बाजूला कललेले असले तरी कप्प्यातून पाणी येते. यंत्रावर पाण्याने भरलेली पसरट वाटी ठेवली की कल कळतो. त्यानुसार खालचे पाय फिरवून यंत्र समतल करावे.

फेसाचे प्रकरण याहून फसवे असते. हाताने कपडे धुण्याच्या पावडरी भरपूर फेस यावा अशाच बनवलेल्या असतात. फ्रंट लोडिंग यंत्रात पाणी थोडे आणि आपटणे फार, त्यामुळे हा फेस टब भरून वर चढतो आणि कप्प्यातून किंवा फटींतून बाहेर पडतो. थोड्या वेळाने फेस विरतो आणि खाली फक्त पाणी उरते. म्हणून गळतीचे कारण ध्यानात येत नाही. खळबळताना काचेवर फेस दिसत असेल तर पावडर निश्चितच जास्त होते आहे. पाणी मृदू असेल तर फेस अधिक होतो. मुंबई महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तेथे थोडी पावडरही पुरते. बोअरवेलच्या जड पाण्याच्या सवयीने तेवढीच पावडर घातली तर फेस अनावर होतो. फ्रंट लोडिंग यंत्रासाठी असलेली कमी फेसाची पावडर वापरावी आणि यंत्रात साचलेला जुना साबण निघून जावा म्हणून एक-दोन रिकाम्या फेऱ्या गरम पाण्यावर चालवाव्यात.

दाराचे रबर

दाराभोवतीच्या घडीदार रबराला मेकॅनिक मंडळी गॅस्केट किंवा बेलो म्हणतात. कपड्यांच्या खिशात राहिलेली नाणी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, ब्लाऊजचे हूक आणि अंतर्वस्त्रांतील तारा हे त्याचे शत्रू. रबराची घडी बोटांनी उलगडून टॉर्चच्या प्रकाशात पूर्ण गोल तपासावी. खालच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी, केस आणि गाळ तेथेच साचतात. अनेकदा रबर धडधाकट असते. त्यावर चढलेला बुळबुळीत थर किंवा काचेच्या कडेला चिकटलेला धागा पाण्याला वाट करून देतो. अशा वेळी ओल्या फडक्याने रबर आणि काच पुसली तरी गळती थांबते. दार थोडे उघडून हाताने उचलून पाहावे. ते वरखाली हलत असेल तर बिजागरीचे स्क्रू आवळावेत.

रबराला बारीक छिद्र असेल तर ते पूर्ण कोरडे करून, कानशीच्या कागदाने हलके घासून त्यावर सायकलच्या पंक्चरचे ठिगळ रबर सोल्युशनने चिकटवता येते. मात्र हा तात्पुरता उपाय होय. लांब चीर असेल तर रबर बदलावेच. त्यासाठी दाराच्या कडेवर किंवा यंत्राच्या मागे असलेला मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाचा भाग मागवावा. दिसायला सारखी रबरे मापाने भिन्न असू शकतात.

बदलण्याची पद्धत अशी. प्लग काढून आणि नळ बंद करून रबराची पुढची कड उलटावी. तिच्या खाचेत स्प्रिंग असलेली एक तार गोल बसवलेली असते. ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढावी आणि पुढची कड पत्र्यावरून सोडवावी. रबराची मागची कड टबावर दुसऱ्या क्लॅम्पने आवळलेली असते. काही यंत्रांत तेथे दारातून हात पोहोचतो. अनेक यंत्रांत मात्र वरचे झाकण, साबणाचा कप्पा आणि पुढचा पत्रा काढावा लागतो. अशा वेळी दाराच्या कुलपाच्या वायरी सोडवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. जुने रबर काढण्यापूर्वी टबावरील आणि रबरावरील खुणा जुळवून पाहाव्यात. बहुतेक रबरांवर वरच्या बाजूला खूण असते आणि पाणी निथळण्याची छिद्रे बरोबर खाली यावी लागतात.

टबाची कड पुसून घ्यावी. नव्या रबराच्या खाचेला भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे बोट फिरवले की ते सहज सरकते. आधी मागची कड व क्लॅम्प, मग पुढची कड आणि तार, हा क्रम पाळावा. तार बसवताना स्प्रिंगला ताण द्यावा लागतो, तेथे दुसऱ्या माणसाचा हात उपयोगी पडतो. शेवटी रिकामी फेरी चालवून वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा करावी.

फिल्टर, पंप आणि ड्रेन पाइप

यंत्राच्या पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात छोटे झाकण असते, त्यामागे पंपाचा फिल्टर. तो उघडण्यापूर्वी खाली परात आणि फडके ठेवावे, कारण आत दोन-तीन लिटर पाणी राहिलेले असू शकते. फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवावा. पाणी येऊ लागताच थांबावे, परात रिकामी करावी आणि पुन्हा फिरवावा. आत नाणी, बटणे, टिकल्या, धाग्यांचे बोळे सापडतात. ते काढल्यावर टॉर्चने आतील पंख्याकडे पाहावे आणि तो बोटाने फिरतो का ते तपासावे.

फिल्टर साफ केल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर कारण बहुधा साफ करण्यातच असते. फिल्टरचे रबरी कडे निसटलेले असते, त्यावर केस अडकलेला असतो किंवा आटे तिरपे बसलेले असतात. कडे आणि आटे पुसून, फिल्टर सरळ धरून तो शेवटपर्यंत फिरवावा.

ड्रेन पाइपबाबत शहरी घरांत एक चूक सर्रास दिसते. पाइप यंत्रामागून थेट जमिनीवर टाकून तोंड नहाणी ट्रॅपपाशी ठेवले जाते. पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीपर्यंत चढवून मग खाली सोडणे अपेक्षित असते. ही चढण नसेल तर भरलेले पाणी आपोआप निघून जाते आणि यंत्र पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅपच तुंबलेला असेल तर पंपाने टाकलेले पाणी उलट फिरून यंत्राखाली येते. हे पाणी गढूळ आणि साबणाचे असते. ते दिसताच यंत्राला दोष देण्यापूर्वी ट्रॅपची जाळी उचलून पाहावी. ड्राय बाल्कनीत ठेवलेल्या यंत्रांबाबत ही शक्यता आवर्जून तपासावी.

पेटीच्या आतील गळती

वरील सर्व ठिकाणे कोरडी असतील तर पेटीच्या आत पाहावे लागते. टबातील पाणी आधी फिल्टरमधून काढून टाकावे. मग दोघांनी मिळून मागचा पत्रा उघडावा, किंवा तळ उघडा असलेल्या यंत्राला भिंतीकडे किंचित कलते करून खालून टॉर्च मारावा. येथे साबणच मदतीला येतो. गळलेले पाणी सुकले की पांढरा ओघळ मागे राहतो. त्या ओघळाचा पाठपुरावा खालून वर करावा. तो जेथून सुरू होतो तो सर्वांत वरचा बिंदू म्हणजे गळतीची जागा.

ओघळ टबाच्या तळातील जाड नळीच्या टोकाशी सुरू होत असेल तर तेथील क्लॅम्प आवळावा. नळी चिरली असेल तर बदलावी. ओघळ हीटरच्या रबरापासून निघत असेल तर त्या ठिकाणी वायरी, विजेचा प्रवाह आणि पाणी यांची सांगड असल्याने ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

ओघळ टबाच्या मागच्या बाजूला मधोमध सुरू होऊन त्यात गंजाची तांबूस छटा किंवा ग्रीसची काळपट रेघ असेल तर बेअरिंगचे सील गेले, असे समजावे. ड्रम पूर्वी आवाज न करता फिरत असे, आता पिळताना गिरणीसारखा घरघराट होतो. दार उघडून ड्रमची कड वर उचलली तर ती खालीवर हलते. ही दुरुस्ती घरी करण्याजोगी नाही. त्यासाठी संपूर्ण टब बाहेर काढावा लागतो. शिवाय काही यंत्रांत टबाचे दोन भाग कायमचे जोडलेले असल्याने टबच बदलावा लागतो. यंत्र जुने असेल तर हा खर्च करावा की नवे यंत्र घ्यावे, याचा विचार येथे करावा. पण लांबणीवर टाकू नये. सीलमधून पाणी शिरले की बेअरिंगमधील ग्रीस धुऊन निघते आणि काही महिन्यांत छोट्या गळतीचे मोठे नुकसान होते. टबाखाली असलेल्या मोटारीवर पाणी ठिबकण्याचा धोकाही असतोच.

गळती घरापुरती राहत नाही

गळके यंत्र फडके टाकून चालवत राहण्याची सवय महागात पडते. फरशीच्या सांध्यांतून रोज मुरणारे थोडे पाणी खालच्या सदनिकेच्या छतावर डाग होऊन उमटते आणि शेजाऱ्यांत वादाला तोंड फुटते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. काही रुपयांच्या वॉशरकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने छताच्या गिलाव्यापर्यंत जाऊन पोहोचते.

ते टाळण्यासाठी फार काही करावे लागत नाही. धुलाई संपल्यावर नळ बंद करावा, दाराचे रबर पुसावे आणि दार थोडे उघडे ठेवावे. लहान मुले असलेल्या घरात मात्र उघड्या दारावर लक्ष असावे. खिसे रिकामे करूनच कपडे टाकावेत. हूक आणि तारा असलेले कपडे जाळीच्या पिशवीत घालावेत. महिन्यातून एकदा फिल्टर आणि साबणाचा कप्पा धुवावा. इनलेट पाइप वर्षातून एकदा हाताने चाचपावा आणि घरात कुणी नसताना यंत्र चालू ठेवण्याचे टाळावे.

यंत्र वॉरंटीत असेल तर पत्रा उघडण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे वॉरंटी बाद होऊ शकते. मात्र चाचणी करायला कुणाचीच हरकत नसते. 'मशीन गळते आहे' एवढेच सांगितले तर मेकॅनिक येतो, पाहतो आणि भाग आणण्यासाठी पुन्हा येतो. 'रिकाम्या फेरीत, पाणी भरताना, मागच्या डाव्या कोपऱ्यात कागद भिजला' असे मॉडेल क्रमांकासह सांगितले तर तो योग्य भाग घेऊनच येऊ शकतो. शिवाय, बेअरिंग गेले असे कुणी सांगितले तर ते पारखून घेण्याचे साधनही घरमालकाच्या हाती राहते.